पहिला शहीद संपादक आणि त्याचा न वाचलेला अखबार

सप्टेंबर महिना आला की उर्दू वर्तमानपत्रांत मौलवी मुहंमद बाकर यांच्यावर एक-दोन लेख हमखास येतात. मथळा ठरलेला असतो : शहीद-ए-सहाफत. मजकूरही बहुतेक ठरलेलाच. 1857 साल, दिल्ली उर्दू अखबार, बादशहाची बाजू, इंग्रजांची तोफ आणि शेवटी एक शेर. लेखकाचे नाव बदलते, एवढाच काय तो फरक. या लेखांना आमचा विरोध नाही. हिंदुस्थानात वर्तमानपत्र चालवल्याबद्दल ज्याला जीव गमवावा लागला, अशा पहिल्या संपादकाची आठवण निघालीच पाहिजे. पण बाकर यांचे मरण सर्वांना तोंडपाठ आणि त्यांचा अखबार मात्र कुणीच उघडून पाहत नाही, हे आम्हाला खटकते. कवीला आपण त्याच्या मजारीवरून जोखत नाही, दीवानावरून जोखतो. मग संपादकाला त्याच्या अंकांवरून का जोखू नये?

म्हणून या लेखात आम्ही त्या अखबारकडे अखबार म्हणून पाहणार आहोत. शहरावर आभाळ कोसळलेले असताना, खरे काय आणि खोटे काय हे कुणालाच कळत नसताना या कागदाने लोकांना काय सांगितले, काय लपवले आणि कुठे वाहवत गेला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

थोडा इतिहास आधी सांगावा लागेल. उर्दूतले पहिले वर्तमानपत्र 'जामे जहाँनुमा' 27 मार्च 1822 रोजी कलकत्त्यात निघाले. त्याचे मालक हरिहर दत्त आणि संपादक सदासुखलाल. (उर्दू ही मुसलमानांची खाजगी मिळकत आहे असे समजणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी ही दोन नावे लिहून ठेवावीत.) मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 1832 च्या जानेवारीत आले. 1835 मध्ये मेटकाफने छापखान्यांवरचे परवान्याचे जोखड काढले आणि लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत दिल्लीत मौलवी बाकर यांचे साप्ताहिक सुरू झाले. बाकर शिया घराण्यातले आलिम, दिल्ली कॉलेजात शिकलेले आणि काही काळ कंपनी सरकारच्या नोकरीत राहिलेले. म्हणजे मदरसा आणि कचेरी या दोन्ही जागा त्यांनी आतून पाहिल्या होत्या. छपाई शिळाप्रेसवर होत असे. कातिबाने लिहायचे, दगडावर उतरवायचे आणि एकेक कागद दाबून काढायचा.

खपाचे आकडे वाचून आजच्या वाचकाला हसू येईल. सरकारी नोंदींप्रमाणे 1844 मध्ये 69 प्रती आणि 1848 मध्ये 79. पण हा आकडा घेणाऱ्यांचा आहे, ऐकणाऱ्यांचा नव्हे. एक प्रत हवेलीत यायची, दिवाणखान्यात मोठ्याने वाचली जायची आणि तिथून नोकराचाकरांच्या तोंडी बाजारात पोचायची. उर्दूत 'अफवाह' हा जो शब्द आहे, त्याचा अरबीतला अर्थ 'तोंडे' असा आहे. मराठीने तो 'अफवा' करून घेतला आणि मूळ अर्थ विसरली. त्या काळचे छापील वर्तमानपत्रदेखील शेवटी तोंडावरच चालत होते, हे लक्षात ठेवले तर पुढचे बरेचसे उलगडते.

शांततेच्या काळातला हा अखबार मोठा शिस्तीचा होता. 'हुजूरे वाला' या सदरात लाल किल्ल्यातल्या बातम्या आणि 'साहिबे कलाँ' या सदरात कंपनीच्या बड्या साहेबाच्या. एकाच कागदावर दोन सत्ता शेजारी शेजारी बसवलेल्या. मोगल काळच्या वाकिआनवीसांची परंपरा आणि नवा छापखाना यांचा तो संसार होता. ख्वाजा अहमद फारूकी यांनी 1840 सालचे अंक संपादित करून 1972 मध्ये छापले. शैलीचा अभ्यास करायचा तर तिथून सुरुवात करावी.

आता 1857 कडे येऊ. 11 मे, सोमवार. मेरठचे शिपाई सकाळीच यमुना ओलांडून दिल्लीत शिरले. तारघरातल्या दोघा तरुणांनी अंबाल्याला तार केली आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळेवर सावध झाले. तिकडे तार होती, इकडे तोंडे होती. लढाईचा अर्धा निकाल तिथेच लागला, असे आम्हाला वाटते. त्यानंतरच्या रविवारी, 17 मे रोजी, अखबारचा अंक निघाला. उर्दू बातमीदारीचा इतिहास शिकवणाऱ्याने हा अंक ओळीओळीने शिकवावा, इतका तो मोलाचा आहे.

सुरुवात कुराणातल्या इबरतीच्या बोलाने होते : डोळे असणाऱ्यांनो, धडा घ्या. लगेच सूर बदलतो. संपादक स्वतः घराबाहेर पडलेला आहे. तो गोळ्यांचा आवाज ऐकतो, पळणारे लोक पाहतो, काश्मीरी दरवाजाच्या बाजूला जातो आणि जे दिसले ते सांगतो. कमिशनरच्या कचेरीतल्या एका गोऱ्या कारकुनाचे प्रेत रस्त्यावर पडले आहे आणि कुणी तरी चेष्टेने त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबले आहे. हे त्याने लिहून ठेवले. विजयाच्या उन्मादात असली गोष्ट कुणी लिहीत नाही आणि बहाद्दुरीच्या पोवाड्यात तिला जागा नसते. बाकर यांनी ती टिपली आणि तिच्यावर भाष्य केले नाही. आमच्या मते अख्ख्या अखबारातले हे सर्वांत उंच ठिकाण आहे. लुटालूट कुणी केली तेही त्यात आहे, आणि लुटणारे आपलेच शहरवाले होते हे लपवलेले नाही.

पण याच लेखणीची दुसरी बाजू पुढच्या अंकांत दिसते. फौजेच्या पुढे सांडणीस्वार चालताना दिसले, हिरव्या वेशातले घोडेस्वार दिसले, कुणा बुजुर्गाला स्वप्न पडले आणि त्या स्वप्नात फिरंग्यांच्या नाशाचा फैसला झाला. अशा गोष्टी बातमीच्या रांगेत बातमी म्हणून छापल्या गेल्या. इराणची फौज निघाली आहे ही आशाही शहरात तरंगत होती. बंडाच्या आधीच, मार्च 1857 मध्ये, इराणच्या शहाच्या नावाचा एक जाहीरनामा जामा मशिदीच्या भिंतीवर लागला होता. दिल्लीच्या उर्दू अखबारांनी ही आशा विझू दिली नाही. 24 मेच्या अंकात संपादकाचे चिरंजीव मुहंमद हुसेन, म्हणजे पुढचे 'आझाद', यांची 'तारीखे इन्किलाबे इबरत अफ्जा' ही नज्म छापून आली. इंग्रजांचा अंमल कसा रातोरात उडाला याचे ते नवल होते. नज्म म्हणून तिची कदर करता येईल. पण ज्या आठवड्यात इंग्रज फौजा अंबाला-कर्नालच्या बाजूने जमत होत्या, त्या आठवड्यात वाचकाला कवितेपेक्षा त्या फौजांची खबर हवी होती.

यावर आमचे मित्र म्हणतात, तुम्ही 1857 च्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजता आहात. तसे नाही. ही फूटपट्टी बाकर यांच्याच घरातली आहे. खबर घेऊन कुणी आला तर आधी तहकीक करा, नाही तर नकळत कुणाला तरी इजा कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद सूरे हुजुरातमध्ये आहे. मौलवी बाकर यांना ती आमच्यापेक्षा नक्कीच चांगली ठाऊक होती. 17 मे रोजी त्यांनी ती पाळली, आणि नंतरच्या काही अंकांत पाळली नाही. यात काळाचा प्रश्न येत नाही.

मात्र इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या वर्षी खोटे छापण्याचा मक्ता एकट्या दिल्लीकडे नव्हता. मुंबईच्या 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक डॉ. जॉर्ज ब्यूस्ट यांनी हिंदी लोकांविरुद्ध इतके विष ओकले की पत्राचे हिंदी भागीदार उठले. त्यांत नवरोजी फर्दुनजी पुढे होते. ब्यूस्टना जावे लागले आणि रॉबर्ट नाइट आले. हेच पत्र 1861 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया' झाले. इंग्रज स्त्रियांच्या विटंबनेच्या कहाण्या लंडनपर्यंत छापल्या गेल्या. खुद्द इंग्रज अधिकारी विल्यम म्यूर यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना पुरावा सापडला नाही. लंडनच्या 'टाइम्स'चे बातमीदार रसेल 1858 मध्ये इकडे आले, त्यांनीही त्या कहाण्यांवर शंका घेतली. तोवर त्या कहाण्यांच्या जोरावर किती गावे जाळली गेली होती, ते वेगळे सांगायला नको. हिरव्या घोडेस्वारांनी दिल्लीकरांना फसवले. ब्यूस्टसारख्यांच्या शाईने मात्र दुसऱ्यांची घरे जाळली. दोन्ही खोटेच, पण वजन सारखे नाही.

आणि सरकार? गव्हर्नर जनरल कॅनिंगने 16 मे रोजी जाहीरनामा काढला की कुणाच्या धर्मात हात घालण्याचा सरकारचा इरादा नाही. तोपर्यंत मेरठ आणि दिल्ली हातची गेली होती. काडतुसांची कुजबूज जानेवारीपासून चालू होती, म्हणजे चार महिने. त्या काळात ऐकणारा अधिकारी असता तर त्याला सारे ऐकू आले असते. 13 जूनला मात्र सरकारने चपळाई दाखवली. छापखान्यांवर पुन्हा परवाने बसवणारा कायदा आला आणि कलकत्त्यात 'दूरबीन', 'सुलतानुल अखबार' आणि हिंदी-बंगालीत निघणारे 'समाचार सुधावर्षण' यांच्यावर खटले भरले गेले. लोकांशी बोलायला चार महिने आणि लोकांचे तोंड बांधायला चार आठवडे, असा तो हिशोब होता.

या दुखण्यावर सर सय्यद अहमद खान यांनी 'असबाबे बगावते हिंद'मध्ये नेमके बोट ठेवले. सरकारला रयतेचे मन कळत नव्हते आणि रयतेला सरकारचा इरादा कळत नव्हता, दोघांना जोडणारी वाटच नव्हती, आणि कायदे करणाऱ्या सभेत एकही हिंदी माणूस नव्हता, ही त्यांची मुख्य दलील. सर सय्यदांच्या पुढच्या राजकारणाशी आमचे पटत नाही, ते असो. पण 1859 मध्ये, फाशीचे दोर अजून लोंबत असताना, पाचशे प्रती छापून सरकारला हे सांगणे सोपे नव्हते. त्यांचे मुरादाबादचे मित्र राय शंकरदास यांनी ही पुस्तके जाळून टाका असा सल्ला दिल्याचे हालींनी 'हयाते जावेद'मध्ये नोंदवले आहे. सर सय्यदांनी जाळली नाहीत. इंग्रजीत हे पुस्तक 1873 मध्ये आले. वर्तमानपत्राच्या घरात वाढलेल्या माणसालाच हे निदान सुचले असेल असे आम्हाला वाटते, कारण त्यांचे थोरले बंधू दिल्लीत 'सय्यदुल अखबार' चालवत असत.

मराठी वाचकाला याच गोष्टीचा दुसरा साक्षीदार घरातच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे याच धामधुमीत उत्तरेत होते. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये छापला. इंग्रजांनी धर्म बुडवण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे तयार केली, ही हकीकत गोडसे भटजी मोठ्या विश्वासाने सांगतात. अशी कलमे कुठल्याही दफ्तरात नाहीत. तरीही ते पुस्तक आपण टाकून देत नाही. लोकांना काय खरे वाटत होते हे त्यातून कळते, म्हणून त्याला जपतो. दिल्ली उर्दू अखबारलाही हाच न्याय मिळावा. फरक इतकाच की गोडसे भटजींनी वीस-पंचवीस वर्षांनी, कुणाला काही करायला लावण्याच्या हेतूशिवाय लिहिले, आणि बाकर यांचा अंक वाचून माणसे त्याच संध्याकाळी घरात थांबायचे की शहर सोडायचे हे ठरवत होती. प्रवासवर्णनातली अफवा वाङ्मय होते. रविवारच्या अंकातली अफवा एखाद्या कुटुंबाच्या जिवावर बेतते.

अखबारची जमेची बाजू मोठी आहे आणि ती श्रद्धांजलीच्या लेखांत येत नाही, याचे आम्हाला अधिक दुःख आहे. बाकर यांनी लढणाऱ्यांना हाक दिली ती दोन्ही समाजांना, आणि दोघांच्या पुराणांतून. हिंदू शिपायाला भीम-अर्जुनाची आठवण आणि मुसलमानाला रुस्तमची. इंग्रजांच्या बाजूने मुसलमानांना हिंदूंपासून फोडणारा जाहीरनामा शहरात आला, तेव्हा अखबारने तो दाबला नाही. त्याने तो वाचकांपुढे ठेवून त्याचे खंडन केले. आणीबाणीत अफवेशी कसे लढावे याचा हा धडा आहे. खोट्याचा उल्लेखच टाळला तर ते अंधारात वाढते. त्याच उन्हाळ्यात बकरी ईद 1 ऑगस्टला आली. बहादूरशहाने गोवधाला बंदी केली आणि शहरभर मुनादी फिरवली. शहरात दंगा झाला नाही. इंग्रज रिजवर बसून दंग्याची वाट पाहत होते, त्यांची निराशा झाली. छापलेल्या कागदापेक्षा चौकातली दवंडी अधिक कामाला आली, कारण ती साफ होती, वेळेवर होती आणि ज्याच्या नावाने दिली जात होती त्याचा शब्द दोघेही मानत होते. ब्याऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्या बादशहाला फौज चालवता आली नाही, पण लोकांशी बोलावे कसे हे त्याला कॅनिंगपेक्षा बरे समजत होते.

दुसरे म्हणजे, बाकर यांनी आपल्या बाजूवरही टीका केली. तिलंग्यांची दांडगाई, बाजारातली लूट, वाण्यांची भाववाढ, बंदोबस्ताचा बोजवारा हे सारे अंकांत येत राहिले. (तिलंगे म्हणजे पूरबी शिपाई. कंपनीच्या जुन्या तेलंगी पलटणींवरून दिल्लीने हे नाव सर्वांनाच लावले.) चांदनी चौकात एक फेरी झाली आणि घंटेवाल्याची मिठाई पोटात गेली की या बहाद्दरांची लढण्याची हौस मावळते, अशा अर्थाचा टोमणाही बाकर यांनी मारला. हसू येते, पण नीट पाहा. शहर शिपायांच्या हातात आहे, छापखाना त्याच शहरात आहे, आणि संपादक त्याच शिपायांना खिजवतो आहे. इंग्रजांच्या तोफेपुढे दाखवलेल्या धैर्याची चर्चा आपण खूप करतो. आपल्याच पक्षाच्या बंदुकीपुढे दाखवलेले हे धैर्य आम्हाला अधिक दुर्मिळ वाटते.

घसरण झाली ती नावापासून. 12 जुलैला दिल्ली उर्दू अखबारचे नाव 'अखबारुज्जफर' झाले. बादशहाच्या तखल्लुसाचा सन्मान आणि 'जफर' म्हणजे फत्ते, असा दुहेरी अर्थ. आम्हाला हा दिवस शोकाचा वाटतो. 'हुजूरे वाला' हे ज्या कागदावरचे एक सदर होते, त्या कागदाचे नावच हुजुरांचे झाले. वेढलेल्या शहरात तटस्थ कसे राहायचे, असे कुणी विचारील. तटस्थ राहू नयेच. बाकर यांनी बाजू घेतली याला आमची हरकत नाही. पण बाजू घेणे निराळे आणि बाजूचे नाव कपाळावर गोंदून घेणे निराळे. नाव बदलल्यानंतरही मिठाईसारखे टोमणे निघाले हे खरे आहे, बाकर यांच्यातला बातमीदार पुरता मेला नव्हता. तरी फत्तेच्या नावाने निघणाऱ्या कागदाला पराभव छापता येत नाही. शेवटचा अंक 13 सप्टेंबरचा. दुसऱ्याच दिवशी इंग्रज फौजा काश्मीरी दरवाजातून आत आल्या. आठवडाभरात दिल्ली पडली.

हे सर्व आम्ही आज का उगाळतो आहोत? कारण आपत्तीत बातमी कशी बाधते हे आपल्या समाजाने अलीकडेच अंगावर घेतले आहे. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत वाहिन्यांनी तबलिगी जमातच्या नावाने जे केले ते कुणी विसरलेले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले, त्या लोकांना बळीचा बकरा केल्याचेही म्हटले. तो निकाल किती वाहिन्यांनी त्याच आवाजात सांगितला? ब्यूस्टचे वंशज निवर्तलेले नाहीत. पण त्याच महिन्यांत आपल्याच मोहल्ल्यातल्या मोबाइलवर काढे, वजीफे आणि 'हा आजारच खोटा आहे' असे निरोप फिरत होते, पुढे लसीविषयीही फिरले, आणि ते बाहेरच्या कुणी पाठवलेले नव्हते. शाळेच्या गटावर पालकांनी टाकलेले असे निरोप आम्ही वाचले आहेत. हिरव्या घोडेस्वारांचाच तो प्रकार होता. बाकर यांना निव्वळ शहीद करून ठेवले की ब्यूस्टवर बोलता येते आणि घोडेस्वारांवर बोलावे लागत नाही. त्या वार्षिक लेखांची सोय कदाचित यातच आहे.

त्यांच्या मृत्यूविषयीही तसेच. तोफेच्या तोंडी दिले, गोळी घातली, फाशी दिली, असे निरनिराळे लिहिले गेले आहे आणि आपण त्यातले सर्वांत नाट्यमय तेवढे उचलले. दिल्ली कॉलेजचे प्रिन्सिपल टेलर हे बाकर यांचे जुने परिचित. बंडाच्या दिवशी त्यांनी बाकर यांच्या घरी आसरा घेतला आणि तिथून निघाल्यावर ते मारले गेले. बाकर यांच्यावरचा राग टेलरच्या मृत्यूमुळे किती आणि अखबारमुळे किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. शहादतीला या वादाने बाध येत नाही. छापलेला शब्द गुन्ह्याचा पुरावा मानला गेला हे निर्विवाद आहे. 1858 मध्ये बहादूरशहावर जो खटला चालला त्यात दिल्लीच्या उर्दू अखबारांतले उतारे सरकारी वकिलाने वाचून दाखवले. वायव्य प्रांतांत 1853 मध्ये उर्दूची 35 पत्रे होती, 1858 मध्ये 12 उरली, आणि त्यांत मुसलमान संपादक एकच. एवढ्या मोठ्या गळफासानंतर उर्दू पत्रकारिता बरीच वर्षे दबकून का बोलत राहिली, हे निराळे समजावण्याची गरज नाही.

मुलगा मुहंमद हुसेन शहर पडताना कुटुंबाला घेऊन निघाला तेव्हा त्याने घरातल्या सर्व चीजवस्तूंतून उस्ताद जौक यांच्या गझलांची बाडे तेवढी उचलली. ही हकीकत त्यानेच 'आबे हयात'मध्ये सांगितली आहे. वडिलांच्या अखबारच्या फायली मागे राहिल्या. पुढे तो लाहोरला सरकारी शिक्षणखात्यात लागला, 'अतालीके पंजाब' या सरकारी पत्राचे काम त्याने पाहिले आणि उर्दू गद्याचा बादशहा झाला. आम्ही वर्गात त्याचे गद्य शिकवतो, मुले ते आवडीने वाचतात. 1857 चे वाचलेले अंक दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विल्यम डॅलरिंपल यांनी 2006 मध्ये 'द लास्ट मुघल' लिहिताना ते भरपूर वापरले, आणि त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्यांना बाकर आपल्यापेक्षा अधिक ठाऊक झाले. आपल्याकडे दोन्ही लिप्या येणारी माणसे पुष्कळ आहेत, आमच्यासारखे मास्तर तर जिल्ह्या-जिल्ह्यात आहेत. 17 मेचा एक अंक, बिस्किटासकट आणि लुटीसकट, पुढच्या सप्टेंबरपर्यंत मराठीत आणायला कितीसा वेळ लागेल?